डावीकडून मोजताना

रिकामं घर भलत्याच बाजूला आलं होतं. दर्शनानं केबल उचलली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली, परत चटईवर ठेवली आणि पॉवर सप्लायच्या खोक्यातून आलेली मूळ केबल तिच्या शेजारी लावली. चोवीस घरांचा कनेक्टर. तेवीस घरांत तारा, एक घर रिकामं. मूळ केबलीत ते डाव्या अंगाला होतं, तिनं केलेल्या केबलीत उजव्या. एखादी तार इकडची तिकडे झाली असती तर स्वतःला दोन शिव्या घालून तिनं ती काढली असती आणि चहा ठेवला असता. इथे अख्खी ओळच्या ओळ उलटी बसली होती, आरशात पाहिल्यासारखी. एकेक तार दुसरीला चिकटून, काळ्या वेष्टनावर एक सुरकुती नाही, टोकं एका रेषेत, आणि सगळं उलटं. अशी देखणी चूक तिनं आजवर केली नव्हती. निदान तसं तिला वाटत होतं.

घाटकोपरच्या या सातव्या मजल्यावरच्या खोलीत चार वर्षं ती हेच काम करत आली होती. गोरेगावला देवेश नावाचा एक पोरगेलासा माणूस एका गाळ्यात कॉम्प्युटर बांधायचा. साधे नव्हेत. त्यांच्या पोटातून नळ्यांनी पाणी फिरायचं आणि आतली गरमी बाहेर काढायचं. एका बाजूला काच. काच आली की आतलं दिसणार, आणि दिसणार म्हटलं की तारांनासुद्धा नटवणं आलं. मग प्रत्येक तारेवर वेगळी विणलेली स्लीव्ह चढवायची, टोक लायटरनं किंचित वितळवायचं, पिन दाबून बसवायची आणि ती पिन आपल्या घरात सरकवायची. नीट बसली की टक् असा बारीक आवाज येतो. त्या आवाजावर दर्शनाचा जीव होता. जगात इतकं स्पष्ट ‘झालं’ असं कुणी सांगत नाही, असं तिला वाटायचं. ही केबल आज दुपारी देवेशला द्यायची होती. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, मशीनमध्ये पाणी भरणार, बटण दाबणार. या केबलीवर बटण दाबलं असतं तर पाणी एक फेरी मारायच्या आत बोर्ड जळून गेलं असतं. पाच व्होल्टच्या जागी बारा गेल्यावर दुसरं काय होणार.

आणि तपासली नव्हती असंही नाही. काल संध्याकाळी मीटर लावून एकेक पिन वाजवून घेतली होती. तेवीसच्या तेवीस वाजल्या. पण मीटर बिचारा काय सांगणार? हे टोक त्या टोकाला पोचतंय का, एवढंच त्याला कळतं. कुठल्या बाजूनं मोजायचं ते मोजणाऱ्यानं ठरवायचं, आणि मोजणारी तीच, घालणारी तीच, तपासणारीही तीच. तिनं आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. परवा पिन दाबायच्या पकडीत तो चिमटला होता, नख काळंनिळं झालं होतं, वर पट्टी होती. मदरबोर्डाकडचं टोक त्याआधी झालेलं, ते नीट होतं. हे टोक काल केलं होतं. अंगठा दुखत होता म्हणून कनेक्टर उजव्या हातात धरला होता आणि तारा डाव्या हातानं घातल्या होत्या. मुळात ती डावखुरीच. आईनं लहानपणी जेवताना हातावर चापट्या मारून उजवी केलेली. डाव्या हाताला काल मोकळीक मिळाली आणि तो खुशीत आला, एवढंच. इथपर्यंत विचार आला आणि दर्शनानं केबल एकदम दूर सारली. बोर्डासाठी नव्हे. बोर्ड वाचलं होतं. तिला जुन्या कंपनीतली प्रेमा आठवली होती.

दाराशी मेथी निवडत बसलेल्या सोनूबाईंनी, तिच्या सासूनं, मान वर केली. बुलढाणा सोडून चाळीस वर्षं झाली तरी त्यांची बोली तशीच होती. “काय झालं वं? तोंड कायले उतरलं?”

काही नाही, उलटं बसलंय, असं दर्शना म्हणाली.

“मंग सुलटं कर,” सोनूबाई म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या.

तिनं देवेशला फोन करून सांगितलं की दोन तास उशीर होईल, एक टोक परत करावं लागतंय. तो काही रागावला नाही. हसला आणि म्हणाला की ताई, आरामात करा, तुमची केबल आली की मी चेकपण करत नाही, सरळ लावतो. कौतुकच होतं ते. दर्शनाला ते नखाखाली काडी जावी तसं लागलं. तिनं फोन ठेवला, दोन बारीक दातांचं ते पिन काढायचं हत्यार घेतलं आणि पहिल्या घरात घातलं. पिन काढायला घालण्याच्या तिप्पट वेळ लागतो. दोन्ही दात एकदम आत जावे लागतात, आतले दोन पंख एकदम मिटावे लागतात, मग तार हलकेच मागे ओढायची. ओढाताण केली की पिन वाकते आणि स्लीव्ह उसवते. हाताला काम होतं, डोकं रिकामं होतं, आणि रिकाम्या डोक्यात अंधेरीचा तो हॉल येऊन बसला. तिनं बोलावला नव्हता.

अंधेरीला एमआयडीसीत हार्नेसची कंपनी होती. हार्नेस म्हणजे तारांचे जुडगे, मशीनच्या आत लागणारे. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना बायका, समोरासमोर जोडीजोडीनं. एकीपुढे ड्रॉइंग, तिनं नंबर वाचायचा, दुसरीनं त्या घरात तार घालायची. दर्शना नवी लागली तेव्हा चार दिवस तिच्या समोरची खुर्ची रिकामी राहिली होती. तोंडानं कुणी काही म्हणालं नाही. कुणाला पंख्याखाली बसायचं होतं, कुणाची पाठ दुखत होती, कुणाची जोडी आधीच ठरलेली होती. आडनाव विचारून झालं होतं, गाव विचारून झालं होतं, मग सगळ्यांच्या पाठी एकदम दुखायला लागल्या. मुंबईत असं असतं, कुणी दार लावत नाही, फक्त उघडत नाही. पाचव्या दिवशी प्रेमा आपला डबा आणि चष्मा घेऊन आली आणि धपकन त्या खुर्चीत बसली. मालवणकडची, ठसठशीत आवाजाची, सुपरवायझरलाही एकेरीत बोलणारी. डबा उघडून तिनं सुक्या बांगड्याचा तुकडा दर्शनाच्या भाकरीवर ठेवला आणि विचारलं, तुमच्याकडे ठेच्यात शेंगदाणे घालतात ना गो, उद्या आण. बस. त्यानंतर सहा वर्षं त्या दोघींची जोडी कुणी मोडली नाही.

तिसरी पिन निघाली. प्रेमाचा आवाज काय होता. ‘एक, लाल. दोन, काळी. तीन, काळी. चार, पिवळी.’ एकही आकडा ती गिळायची नाही. मशीनच्या घरघरीत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, दर्शनाला फक्त तो आवाज ऐकू यायचा आणि तिचे हात आपोआप चालायचे. डोळे मिटून घातल्या असत्या तारा. नियमही ठरलेला. कनेक्टर डाव्या हातात, क्लिप वर, मोजणी अंगठ्याकडून. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी दहा वेळा म्हणवून घेतला होता. मोजणी अंगठ्याकडून. दर्शना चौथ्या पिनपाशी थांबली. तिनं रिकामा कनेक्टर डाव्या हातात धरला, क्लिप वर, तळवा आपल्याकडे. अंगठा डावीकडे. मग उजव्या हातात धरला. अंगठा उजवीकडे. नियम तोच, हात दुसरा, आणि पहिलं घर शेवटचं झालं. इतकं सोपं. बालवाडीतल्या पोरानं सांगितलं असतं. आणि तिला ते कळायला अकरा वर्षं आणि एक चिमटलेला अंगठा लागला.

कारण कंपनीतल्या त्या एका दिवशीही अंगठ्याला पट्टी होती. हे तिला आत्ता आठवलं असं नव्हतं. खरं सांगायचं तर विसरलीच नव्हती, फक्त त्या बाजूला बघायचं नाही असं तिनं आपलं ठरवलं होतं. सकाळी भाकरी करताना उजवा अंगठा तव्याला चिकटला होता, मोठा फोड आला होता. पट्टी बांधलेला हात लाइनवर चालायचा नाही, सरळ घरी पाठवायचे. म्हणून तिनं वरून रबराची टोपी चढवली. बोटांवर टोप्या सगळ्याच घालायच्या, कुणाला संशय आला नाही. प्रेमालाही सांगितलं नाही, तिनं ओरडून घरी धाडलं असतं. प्रेमा मान खाली घालून ड्रॉइंग वाचत होती, आणि समोर दर्शनानं कनेक्टर मुकाट्यानं उजव्या हातात घेतला. पहिला पीस झाला. प्रेमानं नंबर म्हटले, दर्शनानं मीटरची सुई टेकवली, अर्थात कनेक्टर त्याच हातात धरून, त्याच अंगठ्याकडून मोजत. सगळं वाजलं. पहिला पीस पास झाला, नमुना म्हणून टांगला गेला आणि अख्खी लॉट त्या नमुन्याबरहुकूम बनली. तीन आठवड्यांनी सगळी परत आली. कुठे तरी कुठली तरी मशीनं जळाली होती.

सुपरवायझर चंद्रप्रकाश वाईट माणूस नव्हता. त्याला वर एक नाव द्यायचं होतं. त्यानं हिशोब असा लावला की नंबर वाचणारीकडे ड्रॉइंग असतं, घालणारी फक्त ऐकते, तेव्हा उलटं वाचलं असणार वाचणारीनंच. त्यानं दर्शनाला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, जे ऐकलंस तेच घातलंस ना? आणि दर्शना म्हणाली, जे ऐकलं तेच घातलं. खोटं नव्हतं ते. शब्दाला शब्द खरं होतं. पण केबिनमध्ये जायच्या आधी ती बाथरूममध्ये गेली होती आणि अंगठ्यावरची पट्टी काढून खिडकीतून बाहेर टाकली होती. तीन आठवड्यांत फोड बरा झालेला, पट्टीची गरजच नव्हती, काढायची तर काढली, त्यात काय? इतकी वर्षं ती स्वतःला असंच विचारत आली होती. पण मग बरोबर त्याच वेळी का काढलीस, बये? नववी पिन हातात घेऊन दर्शना बसून राहिली. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती, आणि खोलीत सासूशिवाय कुणी नव्हतं.

प्रेमाला आधी पॅकिंगला टाकलं, मग सहा महिन्यांनी काँट्रॅक्ट वाढवलं नाही. निघताना ती रडली नाही. दर्शनाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली की माझ्यामुळे तुझंही नाव खराब झालं असतं, वाचलीस. तिनं, प्रेमानं, माफी मागितली होती. त्यानंतर दिवाळीला फोन, गणपतीत फोटो, मग नुसते सकाळचे फुलांचे मेसेज. प्रेमा पाठवायची, दर्शना दोन हात जोडलेले परत पाठवायची. दहिसरच्या नव्या घराच्या पूजेला बोलावलं तेव्हा दर्शनानं तापाचं निमित्त काढलं होतं. पत्ता मात्र फोनमध्ये जपून ठेवला होता. कशाला ठेवला, देव जाणे.

साडेबारापर्यंत टोक परत भरून झालं. या वेळी तिनं कनेक्टर कुठल्याच हातात धरला नाही, चटईवर मूळ केबलीशेजारी क्लिप वर करून ठेवला आणि एकेक घर बघून तार घातली. बघून, मोजून नव्हे. रिकामं घर जागेवर आलं. एरवी या घटकेला तिला जे बरं वाटायचं ते वाटलं नाही. सांगायचं तर कुणाला आणि कशासाठी, असं एक मन म्हणत होतं. कंपनी बंद पडली, तिथे आता काचेचं ऑफिस आहे, चंद्रप्रकाश गावी गेला, प्रेमाचं बरं चाललंय, तिची मुलगी जान्हवी कॉलेजला आहे. जुनी खपली काढून काय मिळणार, उलट सहा वर्षांची मैत्री होती ती तेवढी हातची जाईल. हे मन शहाणं होतं, त्याचं सगळं पटत होतं. आणि पटत होतं म्हणूनच तिला त्याची भीती वाटली, कारण केबिनमध्येही हेच मन बोललं होतं.

तिनं केबल स्टीलच्या डब्यात ठेवली, घाटकोपरला मेट्रो पकडली, हायवेला उतरून पुलावरून पलीकडे गेली आणि दुसरी मेट्रो घेतली. गोरेगावला देवेश जिन्याखाली उभाच होता. तिनं डबा दिला आणि बजावलं की लावायच्या आधी स्वतः तपास, मूळ केबलीशेजारी ठेवून तपास, माझ्यावर राहू नकोस. त्याला गंमत वाटली, पण तिचा चेहरा बघून तो हसायचा थांबला आणि बरं म्हणाला. इथून घरी जायचं तर पलीकडचा जिना. दर्शना दोन मिनिटं दोन जिन्यांच्या मध्ये उभी राहिली. मग आली होती तोच जिना चढली आणि दहिसरच्या गाडीत बसली. खिडकीतून डोंगर दिसत होता, बिल्डिंगी दिसत होत्या, आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. प्रत्येक वाक्यात आधी अंगठा यायचा, भाकरी यायची, कंपनीचा नियम यायचा. प्रत्येक वाक्य स्वतःची बाजू घेऊनच सुरू व्हायचं. शेवटी तिनं जुळवणं सोडून दिलं.

प्रेमानं दार उघडलं. केस पिकले होते, आवाज तोच. काय गो, वाट चुकलंस काय, म्हणत तिनं दर्शनाला हाताला धरून आत घेतलं. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा सुबोध आणि मुलगी जान्हवी टीव्हीवर मॅच बघत होते. प्रेमानं तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं, स्टूल दिलं, कोकम सरबत ढवळायला घेतलं. तेवढ्यात बेल वाजली. पार्सलवाला होता, ओटीपी मागत होता. प्रेमा फोन घेऊन दारापर्यंत गेली, मेसेज उघडला आणि फोन तसाच जान्हवीपुढे धरला. जान्हवीनं मॅचवरची नजर न काढता हात पुढे केला, एकदा खाली बघून सहा आकडे म्हटले. सुबोध हसत पार्सलवाल्याला म्हणाला, “आमच्या मॅडमना आकडे वाचायला नाही देत हां आम्ही. एकदा वाचले, कंपनी बंद पडली.” सगळे हसले. प्रेमाही हसली. जुना, रोजचा, घासून गुळगुळीत झालेला विनोद होता तो. दर्शना स्टुलावरून हे सगळं ऐकत होती. तिला वाटत आलं होतं की तिनं प्रेमाची नोकरी घेतली. नोकरी काय, दुसरी मिळते. तिनं काय घेतलं होतं ते तिला आत्ता, त्या स्वयंपाकघरात बसून कळलं.

प्रेमा परत आली, सरबताचा पेला पुढे केला. दर्शनानं तो घेतला नाही.

“प्रेमा, ती लॉट मी उलटी केली होती. तू बरोबर वाचलं होतंस.”

प्रेमानं पेला ओट्यावर ठेवला. मग दर्शनानं सगळं सांगितलं, पट्टी, टोपी, उजवा हात, केबिन, बाथरूमची खिडकी. काही वगळलं नाही आणि रडलीही नाही, कारण रडणं हा प्रेमाचा हक्क होता. प्रेमानं एकच विचारलं, धरला कसा होतास? दर्शनानं ओट्यावरची काडेपेटी घेऊन दाखवलं. प्रेमानं काडेपेटी तिच्या हातून काढून घेतली. डाव्या हातात धरली. उजव्या हातात धरली. परत डाव्या. बाहेर कुणी तरी आउट झालं, टीव्हीतली गर्दी ओरडली.

“पहिलं वर्षभर मी रोज ते ड्रॉइंग डोळ्यापुढे आणून वाचायची,” ती म्हणाली. “दर वेळी बरोबर यायचा. मग मला वाटायला लागलं, माझा डोकाच असा झालाय की चुकलं तरी कळत नाही.” तिनं काडेपेटी परत फिरवून पाहिली. “म्हणजे माझा बरोबर होता.”

दर्शनानं मान हलवली. आता शिवी येईल, नाहीतर हात उठेल, नाहीतर गळ्यात पडून रडणं होईल, असं काहीही तिला चाललं असतं. क्षमा मागायला तोंड उघडलं तर प्रेमानं हातानंच गप्प केलं. काडेपेटी जागेवर ठेवली, पदराला हात पुसले आणि दर्शनाचं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेल असं.

“मला सांगून काय? मला आता कळला. चल, त्यांना सांग.”

बाहेरच्या खोलीत जाऊन तिनं रिमोट घेतला आणि मॅच बंद केली. सुबोध अरे अरे करत उठला, बायकोचा चेहरा पाहून परत बसला. जान्हवीनं कानातला इअरफोन काढला. दर्शना टीव्हीपुढे उभी राहिली, नाव सांगितलं, जान्हवी तिला ओळखत नव्हती. तिचं मनगट अजून प्रेमाच्या हातात होतं. ती म्हणाली की अकरा वर्षांपूर्वी कंपनीत जी लॉट उलटी गेली, ती हिच्यामुळे नाही गेली. ही नंबर बरोबर वाचत होती. मी हात बदलला, दुसऱ्या बाजूनं मोजलं, आणि विचारलं तेव्हा ते सांगितलं नाही. सुबोधनं किती पीस होते असं काहीतरी विचारलं, उगाच. चारशे, दर्शना म्हणाली.

“चारशे बारा,” प्रेमा म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.